संसाराच्या उंबरठ्यावरील परमार्थ : शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराज

फाल्गुन वद्य षष्ठी ही तिथी वारकरी संप्रदायात नाथषष्ठी म्हणून ओळखली जाते. होळी पेटून गेली, उन्हाची तिरीप जाणवू लागली की मराठवाड्यातील भाविकांना पैठणचे वेध लागतात. गोदावरीच्या काठी दिंड्या उतरतात, नाथांच्या वाड्यातील रांजण भरला जातो आणि षष्ठी, सप्तमी, अष्टमी अशा तीन दिवसांचा हा सोहळा काल्याच्या दहीहंडीने पूर्ण होतो. या एका तिथीवर पाच पर्वे एकवटली आहेत असे परंपरा मानते : श्रीजनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांना झालेला गुरूंचा अनुग्रह, जनार्दनस्वामींचे निर्याण आणि अखेर खुद्द नाथांची जलसमाधी.

या पर्वकाळी नाथांचे चरित्र पुन्हा आठवावयाचे ते कशासाठी? कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक तक्रार सर्वत्र कानी येते. शेतकरी म्हणतो, पेरणी आणि कर्ज यांतून मान वर करावयास सवड नाही. नोकरदार म्हणतो, गाडीची वेळ आणि कचेरीची वेळ यांतच दिवस संपतो. गृहिणी म्हणते, चूल, मुले आणि पाहुणे आवरता आवरता देवापुढे निवांत बसणे घडत नाही. परमार्थ हा संसार आटोपल्यानंतरचा, म्हातारपणीचा विषय आहे अशी आपल्या सर्वांची सोयीची समजूत झाली आहे. या समजुतीला नाथांनी वादाने उत्तर दिले नाही. त्यांनी पैठणात घर मांडले, लेकरे वाढविली, पाहुणे जेवू घातले, आणि त्या घरातच देव राबवून दाखविला.

नाथांच्या चरित्रातील ग्रंथांचे शक इतिहासाला ठाऊक आहेत. पुढे येणाऱ्या पुष्कळ कथा मात्र महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयासारख्या ग्रंथांतून आणि कीर्तनपरंपरेतून आपल्यापर्यंत आल्या आहेत. त्या भावाने ऐकावयाच्या आणि आचरणाने पडताळावयाच्या आहेत.

भानुदासांचे कुळ

विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली असे परंपरा सांगते, ते संत भानुदास हे नाथांचे पणजोबा. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी सुमारे १५३३ साली पैठण येथे एकनाथांचा जन्म झाला. आईबापांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. आजोबा चक्रपाणींनी आणि आजीने या पोरक्या नातवाला वाढविले, त्याची मुंज केली, त्याला वेदाध्ययनास बसविले.

पुढे ज्याच्या घरी कोणीही उपाशी परतले नाही आणि ज्याने दुसऱ्याचे रडते लेकरू कडेवर घेतले, तो पुरुष स्वतः मातृपितृहीन होता. आपल्या वाट्यास आलेली उणीव मनात कडवटपणा साठवून ठेवू शकते, किंवा दुसऱ्याच्या उणिवेची जाणीव जागी करू शकते. नाथांच्या ठायी दुसरे घडले.

देवगडावरील दप्तर

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास गुरूच्या शोधात हा मुलगा घर सोडून देवगडाकडे निघाला. देवगड म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. कन्नड तालुक्यातील आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावच्या माणसाला या गडाचे अप्रूप राहिलेले नाही. छत्रपती संभाजीनगरला कामानिमित्त जाता-येता तो दृष्टीस पडतो, आणि पडला तरी आपण गाडीतील गप्पा थांबवीत नाही. त्या गडावर निजामशाहीच्या अमलात जनार्दनस्वामी हे अधिकारपदावर होते. ते मूळचे चाळीसगावचे देशपांडे. कन्नडचा घाट उतरला की लागते ते हे चाळीसगाव.

हे गुरू कसे होते ते नीट पाहिले पाहिजे. त्यांनी संसार टाकला नव्हता, अंगावर भगवी वस्त्रे घेतली नव्हती. गडाची व्यवस्था, वसुलाचे हिशेब, शिबंदीची देखरेख हे त्यांचे रोजचे काम. त्या कामातच त्यांनी दत्तोपासना चालविली होती. गुरुवार हा त्यांचा उपासनेचा वार असल्यामुळे गडावर त्या दिवशी सुटी पाळली जात असे अशी आख्यायिका आहे. परधर्मी राजसत्तेची चाकरी प्रामाणिकपणे करावी आणि आपली उपासनाही उणी पडू देऊ नये, असे हे जीवन होते.

नाथांनी त्यांच्या घरी पडेल ती सेवा केली. झाडलोट, पाणी, पूजेची तयारी हे सर्व झाल्यावर हिशेबाचे दप्तरही त्यांच्याकडे आले. एके रात्री जमाखर्चात एका पैची चूक राहिली. ती सापडेना. सारा गड निजला, दिव्यातील तेल सरले, पुन्हा घातले गेले, आणि नाथ एकेक रकम तपासत राहिले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. जाग आलेल्या गुरूंनी कारण विचारले आणि ते ऐकून सांगितले की एका पैसाठी जी एकाग्रता साधली, तीच भगवंताच्या ठायी लागली तर काय उरेल?

ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. ती सांगताना आपण बहुधा उत्तरार्धावर भर देतो आणि पूर्वार्ध विसरतो. गुरूंनी हिशेबाला तुच्छ लेखले नाही. दप्तर फेकून दे आणि जप कर असे त्यांनी सांगितले नाही. पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मनालाच त्यांनी ब्रह्मविद्येस योग्य मानले. ज्याच्या वहीत खोट आहे, ज्याच्या मापात मारलेले आहे, त्याचे ध्यान लागेलच कसे? सरकारी कचेरीत, अडतीवर, सहकारी संस्थेत किंवा शाळेत बसणाऱ्या प्रत्येकाने देवघरात जाण्यापूर्वी ही पैची गोष्ट आठवावी.

गृहस्थाश्रमाची आज्ञा

त्यानंतर गुरूंनी शिष्याला खुलताबादेजवळच्या शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठानास पाठविले. तेथील एकांतात नाथांची उपासना दृढ झाली. पुढे तीर्थयात्रा घडली आणि गुरूंच्या आज्ञेने चतुःश्लोकी भागवतावर त्यांनी मराठीत टीका लिहिली. आता हा तरुण विरक्त होऊन पर्वतावरच राहील असे कोणालाही वाटले असते. परंतु गुरूंची आज्ञा निराळी होती. पैठणास परत जावे, वृद्ध आजोबा-आजीची सेवा करावी आणि विवाह करून गृहस्थाश्रम स्वीकारावा, अशी ती आज्ञा. परंपरेनुसार वैजापूरच्या गिरिजाबाई नाथांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

धर्मशास्त्राने गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार म्हटले आहे, कारण ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी हे तिघेही अखेर गृहस्थाच्या अन्नावर जगतात. हा सिद्धांत ग्रंथात सर्वांना मान्य होता. तो जगून दाखविणारे थोडे होते.

अन्य देशांतील थोर पुरुषांनाही हाच प्रश्न पडलेला दिसतो. नाथांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी इराणात बहाउल्ला (१८१७–१८९२) हे धर्मसंस्थापक होऊन गेले. आयुष्यातील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी बंदिवासात आणि हद्दपारीत काढली. त्यांच्या अनुयायांना बहाई म्हणतात. पाचगणी येथे १९४५ पासून चालत आलेली न्यू एरा ही शाळा आणि दिल्लीत १९८६ साली उभे राहिलेले कमळाच्या आकाराचे मंदिर यांमुळे आपल्याकडील पुष्कळांना हे नाव ठाऊक झाले आहे. बहाउल्लांनी भिक्षुकवर्ग ठेवला नाही. मठात कोंडून घेतलेल्या विरक्तांनी बाहेर येऊन जगाच्या उपयोगी पडावे, आणि प्रत्येकाने काही ना काही उद्योग करावा, असे त्यांनी शिकविले. सेवाबुद्धीने केलेला उद्योग हा उपासनेच्याच योग्यतेचा आहे असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मार्ग निराळा, त्यांची परिभाषा निराळी. परंतु देवगडावर दप्तर लिहिणाऱ्या शिष्याला आणि त्याच्या गुरूला हे ऐकून नवल वाटले नसते. मानवाला देवाकडे जाण्याची वाट त्याच्या रोजच्या कामातूनच काढावी लागते, हे ज्यांनी ज्यांनी खोल पाहिले त्यांना सर्वत्र सारखेच दिसले आहे.

नाथांचा वाडा

नाथांच्या घरचा क्रम ठरलेला होता. पहाटेचे ध्यान, गोदास्नान, पूजा, अतिथींसह भोजन, दुपारी पुराण आणि रात्री कीर्तन. या क्रमात भोजनाची वेळ ही पूजेइतकीच पवित्र मानली जाई. एकदा पावसाळ्यातील मध्यरात्री भिजलेले अतिथी दाराशी आले. घरात शिधा होता, पण कोरडे सरपण नव्हते. नाथांनी आपला पलंग मोडून त्याची लाकडे चुलीत घातली. अशा वेळी चुलीपुढे बसणाऱ्या गिरिजाबाईंचे नाव आपण पुरेशा आदराने घेत नाही. नाथांचे अतिथिव्रत त्यांच्या हातांवर उभे होते.

नाथांना राग येत नाही ही कीर्ती पैठणातील काही टवाळांना सहन होईना. मुलाच्या मुंजीसाठी पैसे मागत आलेल्या एका गरीब ब्राह्मणाला त्यांनी सांगितले की नाथांना राग आणून दाखव, म्हणजे दोनशे रुपये देऊ. तो बापडा घरात शिरला तो थेट पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या या जवळिकीचे कौतुकच केले. भोजनाच्या वेळी गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकल्या तेव्हा त्याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. पाहुणा पडेल, सांभाळ, एवढेच नाथ म्हणाले. त्यावर गिरिजाबाईंनी उत्तर दिले की मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय आहे, यालाही पडू देणार नाही. आपल्याला ते रुपये हवे होते हे त्या ब्राह्मणाने सांगितले तेव्हा नाथांना वाईट वाटले ते एवढ्यासाठीच, की आधी सांगितले असते तर रागावलो असतो!

याच वाड्यात प्रत्यक्ष भगवंत बारा वर्षे चाकर होऊन राहिले अशी श्रद्धा आहे. चंदन उगाळण्याची सेवा करीत म्हणून त्यांचे नाव श्रीखंड्या पडले. गोदावरीच्या पाण्याच्या कावडी आणून ते रांजण भरीत. द्वारकेच्या एका भक्ताला दृष्टांत झाला आणि तो शोध घेत पैठणास आला, तेव्हा कोठे हा चाकर कोण ते उघड झाले, आणि तो अंतर्धान पावला. आजही तो रांजण पैठणात दाखवितात आणि उत्सवात तो भरला जातो. भगवंत नाथांच्या घरी आले ते सिंहासनावर बसावयास आले नाहीत, पाणी भरावयास आले. ज्या घरात पाणी भरण्याला मान आहे, त्या घरी देवालाही राबण्याची लाज वाटत नाही.

गोदेचे वाळवंट

घराच्या चार भिंतींत शांत राहणे सोपे. उंबरठ्याबाहेर पडल्यावर परीक्षा होते. गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक उन्मत्त मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करून आले. त्या दिवशी एकशे आठ वेळा गंगास्नान घडले म्हणून उलट त्यांनी त्याचेच आभार मानले. यामुळेच त्यांना शांतिब्रह्म हे नाव मिळाले.

परंतु नाथांची शांती म्हणजे सर्व काही निमूट सोसणे नव्हे. जेथे अन्याय होता तेथे ती पुढे चालून जाई. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, आणि रामेश्वर येथेच पावला असे मानले. भर दुपारी तापलेल्या वाळूत चुकून राहिलेले, पाय पोळून रडणारे, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील एक लेकरू त्यांनी उचलून कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले. सोवळ्यात असलेल्या ब्राह्मणाने भर रस्त्यावर केलेली ही गोष्ट होती.

एकदा श्राद्धाचा स्वयंपाक शिजत होता. त्याच्या सुवासाने बाहेरून जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबातील मुलाने आईकडे तसल्या अन्नाचा हट्ट धरला. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते सर्व अन्न त्यांनाच बोलावून वाढले. निमंत्रित ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला, तरी त्यांनी बहिष्कार घातला. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले अशी कथा आहे. पुढे राण्या नावाच्या भाविक महार दांपत्याच्या निमंत्रणावरून नाथ त्यांच्या घरी जेवावयास गेले, आणि पैठण पुन्हा खवळले.

पितर प्रकट झाले हा चमत्कार आपण मोठ्या रसाने सांगतो. पण नाथांनी पाने वाढली तेव्हा पितर येतील याची हमी त्यांना कोणी दिलेली नव्हती. बहिष्कार मात्र निश्चित होता. त्या काळी बहिष्कार म्हणजे लग्न-मुंजी अडणे, प्रेताला खांदेकरी न मिळणे. हे सर्व समोर दिसत असता ज्या हातांनी वाढले, ते हात हाच या कथेतील खरा चमत्कार होय.

लेखणीचा प्रपंच

एवढ्या गजबजलेल्या घरात नाथांनी जो ग्रंथसंभार उभा केला तो पाहून मन थक्क होते. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी जाब विचारला, तेव्हा नाथ काशीस गेले. तेथेच १५७१ साली रुक्मिणीस्वयंवर आणि १५७३ साली संपूर्ण एकनाथी भागवत पूर्ण झाले. ज्यांनी आक्षेप घेतला त्याच काशीने पुढे या मराठी ग्रंथाचा गौरव केला असे परंपरा सांगते.

१५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ त्यांनी निवडून काढले. धान्य निवडणाऱ्या सुगृहिणीची चिकाटी आणि देवगडावर पै शोधणाऱ्या कारकुनाची नजर या कामी एकत्र आली. आज आपण वाचतो त्या ज्ञानेश्वरीमागे हे श्रम आहेत.

वेदान्त सर्वांपर्यंत पोहोचावा म्हणून त्यांनी भारुडे रचली. गोंधळी, जोगतीण, वासुदेव, महार, विंचू चावलेला माणूस, सासरी गांजलेली सून, अशा रस्त्यावर आणि अंगणात भेटणाऱ्या माणसांच्या तोंडी त्यांनी अध्यात्म घातले. हिंदू आणि तुर्क यांचा संवादही रचला. ज्याला पोथी परकी वाटते त्यालाही आपल्या धंद्याचे शब्द कळतात, हे नाथांनी ओळखले होते.

हरिपंडितांची गोष्ट

नाथांना गोदावरी व गंगा या दोन कन्या आणि हरी हा पुत्र. गोदावरीचे पुत्र म्हणजे कवी मुक्तेश्वर. हरिपंडित संस्कृताचे मोठे विद्वान झाले, आणि बाहेरच्यांनी जे दुःख दिले नाही ते घरातून आले. वडील मराठीत पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस निघून गेले. नाथ त्यांना आणावयास गेले तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. हळूहळू श्रोते ओसरले, वाडा सुना झाला. पुत्राला जवळ ठेवण्यासाठी नाथांनी आपल्या आयुष्याचे कार्य बाजूस ठेवले होते. अशात, सहस्रभोजनाचा संकल्प करून पुढे दरिद्री झालेल्या एका विधवेने नाथांना भोजनास विनविले, कारण एका ब्रह्मज्ञानी पुरुषाला जेवू घातले तरी तो संकल्प पुरा होईल असे तिला कोणी सांगितले होते. स्वयंपाक हरिपंडितांनी करावा असे ठरवून नाथ तिच्या घरी जेवले. जेवण झाल्यावर पुत्राने पत्रावळ उचलली, तो खाली दुसरी, ती उचलली तो तिसरी, अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. हरिपंडितांचा अभिमान गळाला आणि ते वडिलांच्या चरणी लोळले. वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

संस्कृताचे अध्ययन करणाऱ्या आम्हा मंडळींनी ही कथा आरशासारखी जवळ ठेवावी. आणि ज्यांच्या घरी आज बाप आणि लेक यांचे पटत नाही, त्यांनीही ऐकावी. नाथांनी मुलाशी शास्त्रार्थ केला नाही. त्याला घरी आणले, धीर धरला, आणि एका गरीब बाईच्या घरी त्याच्याच हातांनी पत्रावळी उचलविल्या.

गोदेच्या पात्रात

उतारवयात नाथांनी भावार्थरामायण हाती घेतले. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत ते आले आणि तेथे लेखणी थांबली. उरलेला भाग गावबा या शिष्याने पूर्ण केला. पुरणपोळीच्या लोभाने घरी राहिलेला हा गावबा मंदबुद्धी समजला जाई, अशी आख्यायिका आहे. त्यालाही या घराने घडविले.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस कीर्तन करून, सर्वांचा निरोप घेऊन नाथांनी गोदावरीत देह विसर्जिला. आज त्याच पैठणापाशी गोदेवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. ज्याने तहानेल्या गाढवाला गंगा पाजली त्याच्या नावाने मराठवाड्याची तहान भागावी, हे योग्यच झाले.

वाचकहो, नाथांचा रांजण पैठणात भरला जातो. तो आपल्या दारी भरला जातो का, हे या दिवशी स्वतःस विचारावे. अस्पृश्यता १९५० साली राज्यघटनेने संपविली, परंतु कोणाला कोठवर आत घ्यावयाचे, कोणाचा पेला निराळा ठेवावयाचा, हे अजून पुष्कळ घरांतील उंबरठेच ठरवितात. नाथषष्ठीचा उपवास करावा, दिंडीस जावे, पोथी वाचावी. त्याबरोबरच आपल्या घरी राबणाऱ्या माणसाला आपल्याच पंक्तीत पान वाढावे, दिवसाचा हिशेब चोख लिहून मगच दिवा मालवावा, आणि घरात चढलेला आवाज एकदा तरी गिळावा. नाथांच्या वाड्यात याहून निराळा परमार्थ कधी नव्हता.

आपल्या घरी पाणी भरावयास यावे असे भगवंताला वाटेल, एवढी योग्यता आपल्या उंबरठ्याला लाभो, हीच श्रीनाथचरणी प्रार्थना.